जमघटाचा मांजा

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी लखनौत ‘जमघट’ असतो. आपल्याकडील संक्रांतीप्रमाणे त्या दिवशी चौकातील गच्च्यागच्च्यांवरून पतंगांचे पेच लढतात. काचेची पूड चढवलेला बरेलीचा सुती मांजा पूर्वीही पाखरांना कापीतच असे. परंतु झाडात अडकला, तर ऊनपावसाने कुजून जाई. नायलॉनचा मांजा कुजत नाही. पतंग एका दिवसाचा. हा दोरा मात्र फांद्यांत लोंबकळत राहून पुढे कितीतरी दिवस घारी-कबुतरांचे पंख चिरतो. त्यास ‘चिनी’ म्हणतात. होतो मात्र आपल्या देशातही! राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तथापि दिल्लीचा हुकूम गल्लीतील फळीपर्यंत पोचवावयाचा, तो स्थानिक अधिकाऱ्यांनीच. छापे पडतात, रिळे जप्त होतात. आणि पेच जिंकण्याच्या ईर्षेने गिऱ्हाईक पुन्हा तेच रीळ हळूच मागते.