लग्नाचे संगीत आणि पाहुण्यांची पावले



लग्न ठरले की घरोघरी याद्या होऊ लागतात. आमंत्रणांची यादी होते, वाणसामानाची होते, कापडचोपडाची होते. संगीताची यादी मात्र सहसा कोणी करीत नाही. वाजंत्री सांगितले, बँड ठरविला किंवा अलीकडच्या रीतीप्रमाणे ‘डॉल्बी’वाल्याला विसार दिला, की यजमान त्या बाजूने निश्चिंत होतो. काय वाजावे, केव्हा वाजावे आणि किती मोठ्याने वाजावे, हे सारे तो भाडोत्री माणसावर सोपवितो. वास्तविक पाहता लग्नाच्या दिवसाचा रंग जेवणाइतकाच संगीतावर अवलंबून असतो. आमच्या बेळगाव-निपाणी भागात तर तो अधिकच असतो. कारण येथे एकाच मांडवाखाली मराठी, कन्नड आणि कोकणी बोलणारे आप्तेष्ट पंक्तीला बसतात.

प्रथम आपल्या पदरी काय आहे ते पाहू. सनई-चौघड्याचे मांगल्य सर्वांस ठाऊक आहेच. निपाणी-चिकोडीकडच्या वरातीत हलगी कडाडते आणि लेझमीचे ताफे उतरतात. कन्नड भाषिक बांधवांकडे करडी मजलू आहे. करडी नावाचा ढोल, सनई आणि झांज यांचा तो मेळ ऐकताना उभा असलेला माणूस नकळत डोलू लागतो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. त्यामुळे पितळी वाद्यांचा बँड येथील कानांना परका नाही. आम्हा कॅथलिक कुटुंबांपैकी अनेकांची मुळे गोव्यात आहेत. १९५३ साली बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला, तरी लग्नाच्या चालीरीतींचा धागा घाटाखालीच जोडलेला राहिला. व्हायोलिन, घुमट आणि मांडो ही आमची वडिलोपार्जित ठेव होय.

इतके धन असता निवड कशी करावी? दिवसाचे भाग पाडावेत आणि ज्या भागाला जे शोभेल तेच तेथे योजावे.

आदल्या दिवशी रोस असतो. वधूला किंवा वराला नारळाचा रस लावताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया पारंपरिक गाणी म्हणतात. हिंदू घरांतील हळदीच्या ओव्यांची ही सख्खी बहीणच. या प्रसंगी ध्वनिक्षेपक नसलेलाच बरा. यंत्र सुरू झाले की आजीचा आवाज बंद होतो. एकदा तो बंद झाला की ते गाणे पुढच्या लग्नात कोणाला आठवत नाही. ही गाणी पुष्कळशी तोंडीच चालत आलेली आहेत. जिला ती येतात तिला अगोदर बोलावून घ्यावे, मुलींना तिच्याजवळ बसवावे आणि शब्द वहीत उतरून घ्यावेत.

दुसऱ्या दिवशी चर्चमधील विधी. येथे संगीत प्रार्थनेसाठी असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात लोकांच्या भाषेला आणि त्यांच्या संगीतपरंपरेला उपासनेत वाट मोकळी करून दिली. तेव्हा मराठी, कोकणी किंवा कन्नड भक्तिगीते निःसंकोच निवडावीत. मात्र चित्रपटातील प्रणयगीते चर्चच्या दाराबाहेर ठेवावीत आणि यादी धर्मगुरूंना आधी दाखवावी. अनेकांना वाटते की दोन प्रसिद्ध विलायती लग्नधून वाजविल्याशिवाय विवाह पुरा होत नाही. पण त्यांचा जन्म चर्चमध्ये झालेला नाही. मेंडेल्सोनची धून १८४२ सालची, शेक्सपिअरच्या एका नाटकासाठी रचलेली. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कन्येच्या विवाहात ती वाजली आणि तिची प्रथा पडली. वाग्नरची धून १८५० साली रंगभूमीवर आलेल्या ‘लोहेनग्रिन’ या संगीतनाट्यातील. त्यातील जोडप्याचा संसार पहिल्याच रात्री मोडतो! धून गोड आहे, हे खरे; पण तिच्यावाचून अडू नये.

आता संध्याकाळचा स्वागतसमारंभ. पाहुण्यांनी नाचावे आणि शेवटपर्यंत नाचत राहावे, ही यजमानाची इच्छा असते. त्याला माझ्या मते मुख्य उपाय एकच. आरंभ वृद्धांपासून करावा. पहिल्याच गाण्यात तरुणांनी उड्या मारल्या की वडील मंडळी खुर्च्या मागे सरकवितात आणि मग ती पुन्हा उठत नाहीत. म्हणून प्रथम वॉल्ट्झसारखी तीन मात्रांची संथ चाल घ्यावी. मग मांडो घ्यावा. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या ख्रिस्ती घरांत बहरलेला हा प्रकार. स्त्री-पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, हातांत पंखा आणि रुमाल असतो आणि पावले हळुवार पडतात. साठी उलटलेल्यांनाही तो सहज साधतो. मांडोमागून द्रुत चालीचे दुलपद घेण्याची जुनी रीत आहे. पूर्वजांनीच हा क्रम घालून दिला आहे; आधी संथ, मग जलद.

दुलपदाची ठेका धरायला लावणारी झुलती लय आणि आपल्या कोळीगीतांची लय यांत मोठे साम्य आहे. एकातून दुसऱ्यात गेले तर पावलांना कळतही नाही की भाषा बदलली. तेथून लेझमीकडे वळावे, मग एखादे कन्नड लोकगीत घ्यावे, मग जुन्या हिंदी चित्रपटातील नृत्यगीत घ्यावे. त्या गीतांच्या वाद्यमेळातही आपल्याच माणसांचा हात होता. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराला चिक चॉकलेट या गोमंतकीय वादकाची साथ लाभली होती. दोन-तीन जलद गाण्यांनंतर एक संथ गाणे अवश्य असावे, म्हणजे दमलेल्यांना बसता येते आणि बसलेल्यांना उठता येते.

भाषेविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागातील माणसाला पाटीवरच्या अक्षरांकडे पाहूनही मनात काहीतरी खुपते. त्या प्रश्नाचा निर्णय मांडवात होत नसतो. परंतु तीन तास संगीत चालले आणि आपल्या भाषेतील एकही गाणे वाजले नाही, तर तो पाहुणा कितीही जवळचा असला तरी परका होऊन घरी जातो. सोयरीक जुळविणाऱ्या दिवशी असे होऊ नये. दोन्ही घरांच्या माणसांनी एकत्र बसून यादी करावी, आणि ज्या भाषेचे पाहुणे थोडे असतील तिच्या गाण्यांची आठवण आधी ठेवावी.

आवाजाविषयी थोडक्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास सामान्यतः बंदी आहे. निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबेल ही मर्यादा आहे. छातीत धडधड भरविणाऱ्या ‘डॉल्बी’ला ती पाळता येणे कठीण. त्या गोंगाटात नाच होतो, पण दोन विहिणींना एकमेकींशी चार शब्द बोलता येत नाहीत. शिवाय त्यासाठी गरीब बाप कर्ज काढतो, ते वेगळेच.

शेवटी वादकांविषयी. हलगीवाला भर उन्हात वरातीपुढे चालतो, बँडवाला घामाने भिजतो आणि पंगत उठल्यावर उरलेसुरले त्यांच्या पानात पडते. ज्यांच्या वाद्यावर आपण नाचलो त्यांना पाहुण्यांबरोबर बसवून वाढावे, ठरलेला मोबदला त्याच दिवशी हातावर ठेवावा, आणि वधूवरांनी त्यांना दोन शब्दांनी धन्यवाद द्यावेत. याला खर्च फारसा येत नाही. मात्र यजमानाची खरी प्रतिष्ठा यात दिसते.

येत्या लग्नसराईत आपल्या मांडवात असे संगीत घुमो, आणि त्यात आजीपासून नातवापर्यंत सर्वांची पावले पडोत, एवढीच सदिच्छा.