पुठ्ठ्याची कार्डं आणि माझी बिलं



"तू नक्की काम काय करतेस?" असं सकाळपासून सात जणांनी विचारलं. कारखान्यांचे हिशेब ठेवणारे प्रोग्राम लिहिते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे टॅली?" म्हणून आज जरा नीट सांगते.

साखर पेठेत आपल्या मैत्रिणीच्या घरी माग होते, आठवतं? चादरीवर मोर हवा की फूल, त्यासाठी माग बदलत नसत. वरच्या जेकार्डवरची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलत. एखादं कार्ड फाटलं तर तेवढंच नवं पंच करून ओवायचं. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जेकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली आणि पुढे संगणकानंही भोकांची कार्डं उचलली, हे मी इंजिनिअरिंगला वाचलं. आपण तर ते दप्तर टाकून बघत बसायचो!

पण बघून शिकले मात्र नाही. २००६ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी प्रोग्राम लिहिला. व्हॅट नुकताच आला होता. कराचा हिशेब बिलात लिहिला आणि तोच उचलून परत आलेल्या मालात, महिन्याच्या तक्त्यात, असा चौदा ठिकाणी चिकटवला. काम लवकर झालं, पैसेही मिळाले.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. राज्यात विकलं तर कर केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा, बाहेर विकलं तर आयजीएसटी. हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के, वर १२. तीन रात्री जागून मी तेरा ठिकाणं बदलली. चौदावं, परत आलेल्या मालाचं, राहिलं. दोन महिने परतीच्या पावत्या जुन्या दरानं निघत होत्या. दिवाणजींनी कच्च्या वहीवरून ते पकडलं. आवाज चढवला नाही. नुसती वही माझ्यापुढे सरकवली. ते जास्त लागलं.

मग दीड वर्ष सगळं नव्यानं लिहिलं. कर एका भागात, साठा दुसऱ्यात, बिल तिसऱ्यात. बिलानं फक्त विचारायचं, माल काय, भाव काय, कुठे चालला. आकडा कराच्या भागानं द्यायचा. भाग पाडणं सोपं हो, सांधे जुळवणं अवघड. सूत किलोत येतं, टॉवेल नगात जातो. मधला हिशेब कुठल्या भागानं करायचा यावरच महिना गेला. हौसेनं फार बारीक तुकडेही केले होते, ते गुपचूप परत जोडले.

२२ सप्टेंबर २०२५ ला मर्यादा २५०० झाली आणि त्यावर १८ टक्के. दरांचा एक तक्ता बदलला, तासाभरात काम संपलं. मी ऐटीत दिवाणजींना फोन केला. ते म्हणाले, "ताई, ऑगस्टमधला माल ऑक्टोबरात परत आला तर?"

त्याला मूळ बिलाचाच दर लागतो. माझ्या तक्त्यात तारखेचा रकानाच नव्हता. त्याच रात्री घातला, आणि या वेळी परतीची पावती सगळ्यात आधी काढून पाहिली.