जळालेल्या दालनांतला फेरफटका

परवा मी रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात तासभर हिंडलो. ब्राझीलला मी कधी गेलेलो नाही आणि ज्या दालनांतून मी फिरलो, ती तर २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री आगीत भस्मसात झाली. संगणकाच्या पडद्यावर मात्र ती अजून उभी आहेत.

हे कसं साधतं, ते आधी सांगतो. दालनात एका जागी कॅमेरा उभा करून तो गोल फिरवत, वर-खाली कलवत बरीच छायाचित्रं घेतात. प्रत्येकाची कड शेजारच्यावर थोडी चढलेली असते. गोधडीचे तुकडे जोडावेत तशी संगणक ती सांधतो आणि चित्राचा एक पोकळ गोल तयार होतो. पाहणारा त्याच्या आत, अगदी मध्यभागी. माउस सरकवला की मान वळवल्यासारखं दृश्य वळतं, बाणावर टिचकी मारली की आपण पुढच्या जागी. याला पॅनोरमा म्हणतात. गूगल कंपनीनं २०१६ मध्ये या संग्रहालयाबरोबर काम सुरू केलं होतं. आगीनंतर, डिसेंबर २०१८ मध्ये, ही आभासी सफर सर्वांसाठी खुली झाली.

१८१८ साली स्थापन झालेलं हे संग्रहालय पूर्वीच्या राजवाड्यात होतं. सुमारे दोन कोटी वस्तू! प्रवेशाशीच पाच टनांहून जड अशी बेंदेगो उल्का. ती आगीतूनही वाचली. तिनं याहून मोठी आग अंतराळातून येतानाच सोसलेली. ‘लुझिया’ या अकरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्त्रीच्या कवटीचे तुकडे पुढे ढिगाऱ्यात सापडले. आदिवासींचे पिसांचे मुकुट आणि मुखवटे यांना कुठलं नशीब? पिसांची राख कोण वेचणार?

आगीनंतर रिओतल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, तुम्ही तिथं काढलेले फोटो पाठवा. हजारो फोटो आले. (आपल्याकडे अनेक संग्रहालयांत ‘छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई’ अशी पाटी असते. ती पाहिली की मला हे विद्यार्थी आठवतात.) पण प्रेक्षक फोटो काढतो तो डायनोसॉरच्या सांगाड्याचा, आणि त्याच्यापुढे आपलं पोर उभं करून. दोन कपाटांमधल्या भिंतीचा फोटो कोण काढणार? पॅनोरमाला ही आवडनिवड नसते. कुठल्या वस्तूशेजारी कोणती होती, कपाट किती उंच, छत कसं, उजेड कुठून येत होता, हे सगळं त्यात आपोआप येतं. वस्तूची नोंद वहीत असते. दालनाची नोंद मात्र कुणीच ठेवलेली नसते. मला या चित्रांचं मोल वाटतं ते इथं.

पण त्यांच्याकडून भलती अपेक्षाही नको. कॅमेरा जिथं उभा होता, तिथंच आपल्याला उभं राहता येतं. वस्तूची मागची बाजू दिसत नाही, जवळ जावं तर चित्र फुटतं, काचेवर दिव्याची तिरीप तशीच राहते. याच संग्रहालयात शा-आमुन-एन-सू या इजिप्तमधल्या मंदिरगायिकेची ममी होती. १८७६ मध्ये सम्राट दुसरा पेद्रो याला ती भेट मिळाली. तिची पेटी कधीच उघडली नव्हती. अलीकडे सीटी स्कॅन केला, तेव्हा आतले ताईत दिसले. ममी जळाली, ताईत मात्र पुढे ढिगाऱ्यात सापडले. बंद झाकणाआडचं दाखवणं पॅनोरमाच्या आवाक्यातलं नाही.

शिवाय संग्रहालयाचा फार मोठा हिस्सा प्रेक्षकांना दिसतच नाही, तो कोठारांत असतो. इथल्या कीटकसंग्रहातच सुमारे पन्नास लाख नमुने होते. टाचणीला लावलेले, चिठ्ठी डकवलेले, पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले. अभ्यासकांच्या दृष्टीनं खरं संग्रहालय तेच होतं, आणि ते गेलं.

मी पडद्यावर एका दालनाच्या टोकाशी थांबलो. इकडेतिकडे माउस फिरवून पाहिला. ज्या खोल्यांत कॅमेरा गेलाच नाही, तिकडे नेणारा बाण उमटत नाही.