नवी बॅटरी घेण्यापूर्वी

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांच्या खाली गेल्याची बातमी जानेवारीत अधूनमधून येते. नेमकी त्याच सुमारास द्राक्षांची तोडणी सुरू झालेली असते. क्रेट भरलेली पिकअप बागेच्या कडेला उभी असते. चालक किल्ली फिरवतो आणि बॉनेटखालून नुसतीच कट-कट ऐकू येते. जमलेली मंडळी लगेच सांगून मोकळी होतात : बॅटरी गेली, धक्का मारा आणि आजच नवीन टाका.

तसे असेलही. पण न मोजता काही हजार रुपये घालवायचे, हे काही पटणारे नाही.

थंडीत बॅटरीची दोन्हीकडून ओढाताण होते. शिसे आणि गंधकाम्ल यांच्यातली क्रिया मंदावते. २५ अंशांना पूर्ण ताकद देणारी बॅटरी शून्य अंशाला साधारण दोन-तृतीयांशावर येते, उणे १८ला निम्म्याच्याही खाली. त्यात ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन जड फिरते आणि स्टार्टर जास्त करंट खेचतो. डिझेल गाडीत हीटर प्लगचा भार वेगळाच. तरीही चांगली बॅटरी ५ अंशांना गाडी सहज सुरू करते. ती हरली असेल, तर मूळ बहुधा मागच्या एप्रिल-मेमध्ये सापडते. चाळिशीच्या उन्हात, तापलेल्या बॉनेटखाली बॅटरीतले पाणी उडते, प्लेटांच्या जाळ्या गंजतात. थंडी ते फक्त उघडकीला आणते.

तपासायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ला अर्धी, १२च्या खाली जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी. त्याआधी ती खराब ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे. मग मीटर लावून ठेवून स्टार्टर मारावा. भरलेली असूनही आकडा ९च्या आसपास कोसळला, तर बॅटरी खरोखरच थकलेली आहे.

आणि आकडा १२च्या जवळ राहूनही स्टार्टर फिरलाच नाही तर? मग दोष बॅटरीच्या पुढे कुठेतरी आहे. इथे बारकाईने पाहावे लागते. मीटरची एक पिन टर्मिनलच्या शिशाच्या खांबावरच टेकवायची, दुसरी त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर, आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचे. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर मधल्या पांढरट-हिरवट थराने वाट अडवली आहे. क्लॅम्प काढून खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने आणि ब्रशने तो साफ होतो. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या धातूपर्यंतची अर्थिंगची पट्टीही अशीच तपासावी. गंजलेल्या पट्टीपायी कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या असतील.

गाडी सुरू झाल्यावर अल्टरनेटरची पाळी. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत आणि हेडलाइट, ब्लोअर लावल्यावरही आकडा फार उतरू नये. नव्या गाड्यांत संगणक मुद्दाम चार्जिंग कमी करतो, म्हणून एकदाच आकडा बघून निकाल देऊ नये. पहाटेच्या दवात बेल्ट किंचाळत असेल, तर तोही पाहावा. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून 'डायनॅमो' तपासण्याची जुनी सवय मात्र सोडायलाच हवी. त्या झटक्याने इसीयू जळू शकतो.

सगळे आकडे बरोबर, तरी चार-पाच दिवस उभी राहिली की गाडी बंद? मग करंट कुठेतरी गळतो आहे. कुलूप लावून अर्धा तास थांबल्यावर ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो. थेट जोडलेला अँप्लिफायर किंवा ट्रॅकर ३०० खात असेल, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याच्या आत संपते.

लडाखला हिवाळ्यात गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरलेल्या बॅटरीतले ॲसिड उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. रिकाम्या बॅटरीत मात्र ते पाण्यासारखे पातळ होते आणि उणे १०च्या आसपासच गोठते. द्रासमध्ये पारा त्याच्या कितीतरी खाली जातो. गोठलेल्या बॅटरीला जंपर केबल लावली, तर ती फुटू शकते. ती काढून उबदार खोलीत ठेवावी, पूर्ण वितळू द्यावी, डब्याला तडा गेला नाही ना हे पाहावे आणि मगच चार्जर जोडावा.