जिल्ह्याची हद्द आणि आदिवासींची एकजूट



१९९७ साली वाराणसी जिल्ह्यातून चंदौली हा नवा जिल्हा काढण्यात आला. कारभाराच्या सोयीसाठी सरकारे जिल्हे पाडतात, त्यात गैर काही नाही. परंतु या एका हद्दीच्या रेषेने पुढे हजारो कष्टकऱ्यांच्या पदरात जे घातले, ते सरंजामदारांच्या लाठीलाही साधले नसते.

महाराष्ट्रातल्या माणसाला वाराणसी ठाऊक असते ती घाटांची आणि विणकरांची. त्याच जुन्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला कैमूरच्या डोंगररांगा लागतात. तेथे चकिया-नौगढच्या रानात गोंड, खरवार, चेरो आणि कोल राहतात. १९४९ पर्यंत हा मुलूख काशीनरेशांच्या संस्थानात होता आणि रान संस्थानच्या शिकारीचे होते. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये तेथे चंद्रप्रभा अभयारण्य झाले व गीरहून तीन सिंह आणून सोडण्यात आले. काही वर्षांतच सिंह नाहीसे झाले. त्यांना मात्र कोणी रहिवासाचा पुरावा मागितला नव्हता!

विंध्य-कैमूरच्या या जमातींना उत्तर प्रदेशात दीर्घकाळ आदिवासी मानलेच गेले नाही. १९६७ च्या आदेशात भोटिया, बुक्सा, जौनसारी, राजी आणि थारू या पाचच अनुसूचित जमाती होत्या. सर्व हिमालयाच्या व तराईच्या. दक्षिणेकडील जमाती अनुसूचित जातींच्या यादीत घातलेल्या. कोल तर आजवर शेजारच्या मध्य प्रदेशात अनुसूचित जमात आणि उत्तर प्रदेशात अनुसूचित जात आहे. २००३ च्या आरंभी अमलात आलेल्या दुरुस्ती कायद्याने गोंड, खरवार, चेरो, बैगा, अगरिया इत्यादी दहा जमातींना न्याय मिळाला, पण तो जिल्ह्यांची नावे मोजून. गोंडांसाठी तेरा जिल्हे, खरवारांसाठी पाच, चेरोंसाठी सोनभद्र आणि वाराणसी असे दोनच. वाराणसीचे नाव यादीत आले आणि सहा वर्षांपूर्वी वाराणसीतूनच निघालेल्या चंदौलीचे नाव आले नाही. म्हणजे ज्या रानात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, नेमके तेच रान वगळले गेले.

हा केवळ दाखल्याचा प्रश्न नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा वनातील वास व कसणूक दाखवली म्हणजे पुरते. जो या यादीत नाही, त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. म्हणजे १९३० पर्यंत मागे जावे लागते. १९३० साली नौगढच्या रानात संस्थानी अंमल होता. त्या दप्तरात खरवाराचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला होती? नियमांनी वडीलधाऱ्यांची लेखी साक्षही ग्राह्य मानली आहे. परंतु तपासणारा अधिकारी कागद मागतो, आणि कागद नाही म्हणून दावा पडतो.

महाराष्ट्राला हे दुःख परके नाही. विदर्भात गोंड हा आदिवासी होता तो मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी व यवतमाळ या तालुक्यांपुरता. तालुक्याची शीव ओलांडली की कायद्याच्या लेखी तो गोंड राहत नसे. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले. याउलट १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्या उंबरगाव तालुक्याचा बराच भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला, तरी वारली दोन्ही राज्यांत अनुसूचित जमातच राहिले. राज्याची सीमा जे हिरावू शकली नाही, ते वाराणसीत जिल्ह्याच्या सीमेने हिरावले.

आता संघटनांविषयी. कैमूरच्या पट्ट्यात समाजसंघटना पुष्कळ आहेत. गोंडांची निराळी, खरवारांची निराळी, कोलांची निराळी. प्रत्येकीचे निवेदन निराळे. परिणाम समोर आहे. २०२२ च्या दुरुस्ती कायद्याने चंदौली, भदोही, कुशीनगर व संत कबीर नगर येथील गोंडांना जमातीचा दर्जा दिला. चंदौलीच्या खरवार व चेरोंचा त्यात समावेश नव्हता. गोंडांचा विजय खराच आहे, त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण शेजारच्या झोपडीतला माणूस बाहेर राहिला. डाव्या संघटनांनीही मजुरी व जमीन हे आपले प्रश्न आणि दाखला हा जातिसंघटनांचा, अशी वाटणी बराच काळ चालू दिली. ही वाटणीच चुकीची होती.

वेगळा मार्ग याच प्रदेशाने दाखवला आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभरच्या विरोधानंतर २८ फेब्रुवारीला त्यास स्थगिती दिली. त्याच वर्षी सोनभद्रच्या सोकालो गोंड आणि लखीमपूर खीरीच्या थारू समाजातील निवादा राणा या दोन कार्यकर्त्या अखिल भारतीय वनश्रमजीवी संघटनेबरोबर न्यायालयात उभ्या राहिल्या. मुंबईच्या ‘सिटिझन्स फॉर जस्टिस अँड पीस’ने त्यांना साहाय्य केले. एकीची जमात १९६७ च्या यादीतली, दुसरीची २००३ च्या. मागणी एकच होती. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या किसान सभेच्या मोर्चातही कोकणा, वारली, महादेव कोळी खांद्याला खांदा लावून होते.

विलंबाची किंमत सोनभद्रने मोजली आहे. घोरावल तहसिलातील उंभा गावी १७ जुलै २०१९ रोजी जमीन बळकावण्यास ट्रॅक्टर घेऊन आलेल्या टोळीने गोळीबार करून दहा गोंडांना ठार केले. ती जमीन १९५५ साली एका सहकारी सोसायटीच्या नावे चढवली गेली होती, पुढे ती खाजगी नावांवर गेली आणि शेवटी विकली गेली. कसणारा गोंड या कागदांत कोठेच नव्हता. जखमींना उपचारासाठी वाराणसीलाच आणावे लागले.

नौगढच्या खरवाराचा दावा आता त्याने एकट्याने मांडावयाचा नाही. सोनभद्रचा खरवार २००३ पासून जमातीच्या यादीत आहे, आणि दोघांची नातीगोती जिल्ह्याची हद्द पाहून जुळलेली नाहीत. त्या नात्यांची साक्ष सोनभद्रच्या खरवाराने लिहून द्यावी. ज्यांचा प्रश्न सुटला त्या चंदौलीच्या गोंडांनी निवेदनावर पहिली सही करावी, कोलांनी दुसरी, आणि वाराणसीच्या विणकर व विद्यार्थी संघटनांनी ते निवेदन घेऊन आयुक्तांच्या कचेरीपर्यंत त्यांच्यासोबत चालावे.