सुटीतील बालके आणि त्यांची थोरली बहीण



महोत्सवाच्या या दिवसांत आपल्या मंदिराविषयी पुष्कळ बोलणे झाले. आज मी आपल्या घरांतील बालकांविषयी चार शब्द बोलू इच्छितो.

शाळेस उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे मुलांचे करावे काय, हा प्रश्न प्रत्येक मातेपुढे उभा राहतो. वऱ्हाडात तो विशेषच बिकट होय. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, व त्यामुळेच विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिराने उघडतात. एवढ्या दीर्घ काळात काही पालक मुलास पाढ्यांना जुंपतात, तर काही त्याच्या हाती मोबाईल देऊन मोकळे होतात. पहिल्याने मन शिणते, दुसऱ्याने झोप उडते. विश्रांती मात्र दोहोंतही नाही.

विश्रांती म्हणजे आळस नव्हे. प्रभूनेही आपल्या शिणलेल्या शिष्यांस विसाव्यासाठी एकांती नेले होते. तीन-चार वर्षांच्या बालकास दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, आणि पडद्यापुढे त्याने एका तासाहून अधिक बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. म्हणून ऊन तापू लागले की दारे लोटावी, पन्हे पाजावे आणि लेकरास निजवावे.

शिक्षणास सकाळचा गारवा पुरे. वाळवणाच्या कुरड्या मोजणे, चिंचोक्यांच्या दहा-दहांच्या राशी लावणे, रांजणात किती तांबे पाणी मावते ते आधी अदमासाने सांगून मग मोजून पाहणे, हे सारे गणितच आहे. रात्री आजीने सांगितलेली गोष्ट सकाळी आपल्या शब्दांत सांगणे, हा भाषेचा उत्तम पाठ होय. ज्या घरी पुस्तक नाही, तेथेही एवढे साधते.

परंतु हे करणार कोण? मी घरोघरी जातो तेव्हा त्याचे उत्तर दारातच उभे असते. आई मजुरीस गेलेली, बाप रेल्वेची रात्रपाळी करून निजलेला, आणि नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी धाकट्यास कडेवर घेऊन उभी. धाकट्याची सुटी ती सांभाळते. तिची सुटी कोणीच सांभाळीत नाही.

ही अडचण ताराबाई मोडक यांनी ओळखली होती. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस राहिलेल्या या विदुषीने १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे १९५७ साली ते कार्य कोसबाडास गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. धाकट्या भावंडांपायी मुली शाळेस मुकतात, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभारली. भावंड जवळच सुखरूप असल्याने थोरलीस पाटी हाती धरता आली.

हेच आपण लहान प्रमाणात करू या. येत्या सुटीत मंदिराची ओसरी सकाळी ७ ते ९ उघडी राहील. आपल्यातील आज्या व सेवानिवृत्त बांधव यांनी पाळीपाळीने दोघे-दोघे बसावे व धाकट्यांस खेळवावे. थोरल्या मुलींस त्या दोन तासांत कोणीही काम सांगू नये. त्यांनी वाचावे, खेळावे, वाटल्यास निवांत बसावे.

ज्यांना एक सकाळ देता येईल, त्यांनी आजच आपले नाव मजकडे द्यावे.