मूत्रपिंडाचा ल्यूपस आणि औषधाचे माप
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आपल्या जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे नाव निघाले की बोट आपोआप पाण्याकडे जाते. त्यात नवल नाही. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाण पट्ट्यात लोकांचे किती हाल झाले हे आपण जाणताच. परंतु पायावर सूज आलेली प्रत्येक बाई पाण्यामुळेच आजारी असते असे नाही. पाण्यावर खापर फोडून स्वस्थ बसल्याने जो एक आजार नजरेतून सुटतो, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

त्याचे नाव ल्यूपस. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच यात आपल्या अवयवांवर उलटते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. दहा रुग्णांपैकी नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन उमेदीच्या वयातल्या. सांधे दुखतात, उन्हाने गालांवर लाली उठते, बारीक ताप राहतो, केस गळतात. (शेगाव तालुक्यात २०२४ च्या अखेरीस केस गळण्याचा जो प्रकार झाला तो निराळा.) आजार मूत्रपिंडात उतरला की लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, रक्तदाब वाढतो. लघवीची साधी तपासणी करावी. बायोप्सीने निदान पक्के होते.

उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. औषधांची नावे मात्र अवघड. मायकोफेनोलेटचा मूळ पदार्थ गोसिओ नावाच्या इटालियन संशोधकाला १८९३ साली खराब मक्यावरच्या बुरशीत सापडला, तर टॅक्रोलिमस १९८४ साली जपानातल्या मातीतील जंतूपासून मिळाले.

गोळी पोटात गेली म्हणजे काम झाले असे नव्हे. दोघींनी सारखीच गोळी घेतली तरी दोघींच्या रक्तात ती सारखी उतरत नाही. टॅक्रोलिमस कमी पडले तर आजार दबत नाही. जास्त झाले तर हात कापतात, रक्तदाब चढतो आणि ज्या मूत्रपिंडासाठी ते घ्यायचे त्यालाच इजा होते. म्हणून रक्तातले त्याचे माप घेतात. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने ते माप एकदम खाली येते, बुरशीवरच्या काही गोळ्यांनी वर जाते, जुलाब लागले तरी वाढते. मायकोफेनोलेटचे माप घेणे कटकटीचे, एका दिवसात अनेकदा रक्त द्यावे लागते; म्हणून ते सरसकट करीत नाहीत.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन शरीरात आठवडेच्या आठवडे टिकते. ते रक्तात सापडलेच नाही, तर गोळी बरेच दिवस चुकली आहे हे कळते. ज्यांच्या रक्तात ते कमी, त्यांचा आजार अधिक वेळा उलटतो. २०२० साली कोरोनाच्या धास्तीने हीच गोळी दुकानांतून नाहीशी झाली आणि ल्यूपसच्या रुग्णांना ती मिळेना.

एरवी गोळ्या का चुकतात? सूज उतरली की घरातली माणसे म्हणतात, आता बरी आहेस, कशाला इतकी औषधे? स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, ते तरुण मुलीला सोसत नाही. लग्न ठरताना माहेरचे लोक आजार लपवतात. मग सासरी गेलेली मुलगी गोळ्या ट्रंकेत दडवते आणि कोणी खोलीत असले की टाळते. डॉक्टरांपुढे मात्र "घेते" म्हणते. औषध लागू पडत नाही असे समजून ते आणखी कडक औषध लिहून देतात! रक्ताचे माप येथे खरे काय ते सांगते. पण त्यावरून मुलीला चोर ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सासूबाईंनी स्वतः गोळीची वेळ सांभाळली तर निम्मे काम होईल.

मूल हवे असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. ते निदान सहा आठवडे आधी बदलावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात. वर्षभरात लघवीतून रोज जाणारे प्रथिन ०.५ ते ०.७ ग्रॅमच्या खाली आले, तर मूत्रपिंड टिकण्याची आशा चांगली. तरीही गोळ्या पुढे काही वर्षे लागतातच.

टॅक्रोलिमसचे रक्त रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे असते. बुलढाण्याहून अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पहाटेच्या बसने निघालात, तर सकाळची गोळी डबीत घालून बरोबर न्या आणि रक्त दिल्यावर तिथेच घ्या.